तौर अण्णांचं जोडकार्ड

माझ्या ऑफिसात नवं गिऱ्हाईक येऊन खुर्चीत बसलं, की मी आधी पाणी मागवतो आणि मग विचारतो, "हे पैसे कशाचे?" कोणता शेअर घ्यावा, कोणत्या फंडात टाकावे, हे विचारायला आलेला माणूस या प्रश्नानं जरा बावचळतो. मग हळूहळू सांगायला लागतो. मुलाच्या फीचे आहेत, प्लॉट विकल्याचे आहेत, नवऱ्याच्या विम्याचे आहेत. ऐकून घेऊन मी काहींना सरळ परत पाठवतो. त्यामुळे जालन्यात माझं नाव बरं आहे. साठे उगाच कुणाच्या गळ्यात काही बांधत नाहीत, असं लोक म्हणतात आणि मी ते ऐकून घेतो.

हा प्रश्न माझा नाही. तो तौर अण्णांचा आहे, मी तो उचलला. आणि माझं ते बरं नाव ज्या जागेवर उभं आहे, तिथं आधी अण्णांचं नाव होतं. ते मी कसं घालवलं, हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

एक्क्याऐंशी साली मी एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत अकाउंट्सला लागलो. अण्णा तिथं प्रयोगशाळेत होते. अंबडकडच्या एका खेड्यातले, घरची थोडी शेती भावाकडं, शिक्षण जेमतेम मॅट्रिक. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांचं काम म्हणजे आलेल्या मालातून शंभर-शंभर बिया मोजून काढायच्या, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायच्या आणि ठरलेल्या दिवशी उलगडून किती उगवल्या ते लिहायचं. खिशाला पेनाच्या शेजारी एक बारीक चिमटा असायचा. बिया त्यानं उचलायच्या हे ठीक, पण अण्णा डब्यातलं लोणचंही त्याच्याच जोडीतल्या दुसऱ्या चिमट्यानं उचलायचे. "ह्यो खायचा, ह्यो मोजायचा," असं ते गंभीरपणे समजावून सांगत, आणि आम्ही मुद्दाम विचारायचो, "अण्णा, आज अदलाबदल तर नाही ना झाली?" यावर ते एकदाही हसले नाहीत. दोन्ही चिमटे मात्र काढून तपासायचे.

नवीन असताना एकदा ते माझ्या टेबलापाशी आले आणि एका मुंबईच्या कंपनीचा इंग्रजी अहवाल माझ्यापुढं ठेवला. पेपरात जाहिरात वाचून त्यांनी तिचे थोडे शेअर घेतले होते.

"मुकुंदराव, ह्या कागदात कंपनी जित्ती हे का मेली, ते कुठं लिहिलेलं असतंय?"

मला हसू आलं. पण प्रश्न इतका बरोबर होता की मला उत्तर द्यायला दोन महिने लागले. रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मी त्यांना ताळेबंद शिकवला. राखीव निधी म्हणजे काय, कर्ज कुठं लपवतात, नफा दिसतो पण हातात रोकड नसते ते कसं. अण्णा एकेक आकडा चिमट्याच्या टोकानं दाखवत विचारायचे. तिसऱ्या महिन्यात ते मला अशा गोष्टी विचारायला लागले, ज्या मलाच पुस्तक उघडून बघाव्या लागल्या.

पण त्यांचा खरा भरवसा ताळेबंदावर नव्हता, जोडकार्डावर होता. आता जोडकार्ड कुणाला आठवतही नसेल. दोन पोस्टकार्डं एकमेकांना चिकटलेली यायची. एकावर आपण लिहायचं, दुसरं कोरं ठेवून त्यावर आपलाच पत्ता घालायचा. समोरच्यानं कोऱ्यावर उत्तर लिहून फाडून टपालात टाकायचं, त्याला खर्च काही नाही. अण्णांनी घर बदललं तेव्हा नवा पत्ता कळवायला त्यांनी तीन कंपन्यांना अशी कार्डं टाकली होती. दोन कंपन्यांची उत्तरं आली. तिसरीचं आलं नाही आणि वर्षभरात ती कंपनीच बसली. तेव्हापासून हा त्यांचा नियम झाला. कोणत्याही कंपनीत पैसे टाकायच्या आधी तिला एक जोडकार्ड. मजकूर इंग्रजीत मी करून दिला होता, तो ते ठळक कॅपिटल अक्षरात उतरवून काढत. "आपला अहवाल पाठवावा, आणि आपल्या कारखान्यात आज किती माणसं कामावर आहेत ते कळवावे."

"अण्णा, माणसांचं कशाला?" मी विचारलं होतं.

"अहवाल छापलेला असतोय हो. तो कोन्ही बी पाठवील. माणसं मोजायला कोन्हाला तरी उठून जावं लागतंय. जो उठला, तो जित्ता."

पंधरा दिवस वाट बघायची. कार्ड आलं तर पुढं बोलायचं, नाही तर त्या कंपनीचं नाव काढायचं नाही. एका लहानशा कारखान्याच्या सेक्रेटरीनं हातानं लिहून पाठवलं होतं की आज इतके हजर आहेत, तिघं रजेवर, त्यातल्या एकाचं लग्न आहे. ते कार्ड अण्णांनी काचेखाली ठेवलं आणि त्या कंपनीचे शेअर पुढं कधी विकले नाहीत. विकले ते एकदाच, आणि ते माझ्यामुळं. ते पुढं येईलच.

हळूहळू लोक अण्णांना विचारायला लागले. कंपनीच्या फाटकाबाहेर ट्रक तोलायचा वजनकाटा होता. रविवारी तो बंद असायचा, म्हणून त्याच्या केबिनीत अण्णा सकाळी दोन तास बसत. रोलिंग मिलमधले कामगार यायचे, बदनापूरहून शिंदे गुरुजी सकाळच्या गाडीनं यायचे, अंबडच्या दवाखान्यातल्या सुलोचना सिस्टर यायच्या. कुणी बसायला जागा नसली तर काट्यावरच उभं राहायचं. अण्णा आधी सगळ्यांना तोच प्रश्न विचारत. ज्या पैशाला आधीच काम लागलेलं आहे, तो पैसा शेअरमध्ये घालायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

सिस्टर पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"कशाचे हेत?"

"असेच साठवलेले."

"असेच कोन्ही साठवत न्हाई, सिस्टर."

मग त्या म्हणाल्या, "घराच्या स्लॅबचे. पण अण्णा, एका वर्षात दुप्पट झाले तर वरची खोलीबी होईल."

अण्णांनी पाकीट चिमट्यानं त्यांच्याकडं सरकवलं. "आधी स्लॅब टाका. मंग वरच्या खोलीचं बघू. पोस्टात ठिवा जाऊन."

सिस्टर रागावून गेल्या. तीन रविवार आल्या नाहीत. चौथ्या रविवारी आल्या त्या पोस्टाचं पासबुक घेऊन, आणि ते त्यांनी अण्णांच्या पुढ्यात आपटलं. अण्णांनी ते उघडून नीट वाचलं आणि "बराबर" एवढंच म्हणाले.

त्यांच्या हट्टाचा झटका आमच्या कंपनीलाही बसला होता. एका हंगामात कपाशीचा एक मोठा लॉट त्यांच्या चाचणीत कमी उगवला. कायद्यानं जेवढा हवा तेवढा आकडा येत नव्हता, अगदी थोडक्यात जात होता. मॅनेजर म्हणाले, "तौर, चार बियांचा तर प्रश्न आहे." अण्णांनी तो लॉट पुन्हा लावला, दिवस भरल्यावर ओले कागद जसेच्या तसे उचलून मॅनेजरच्या टेबलावर नेले आणि चिमटा पुढं केला. "तुम्हीच मोजा साहेब. तुमच्या हातानं जे येईल ते मी लिव्हतो." मॅनेजरांनी मोजलं नाही. अण्णांची त्या हंगामापुरती गोदामात बदली झाली. तिथं ते पोती मोजायचे. मला त्यांची दया येत होती, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही येत होता. असा माणूस शेजारी असला की आपण फार उघडे पडतो.

नव्वदनंतर सगळ्यांना शेअरचं वेड लागलं. पानाच्या टपरीवर भाव विचारले जायला लागले. अण्णांची कार्डाची पद्धत लोकांना जाच वाटायला लागली. शिंदे गुरुजी तर तोंडावर म्हणाले, "अण्णा, तुमचं कार्ड येस्तोवर गाडी निघून जाती."

"जाऊ द्या. दुसरी येती. तुम्ही बदनापूरला राह्यता, तुम्हाला म्या काय सांगावं?"

सगळे हसले, गुरुजीही हसले. पण एक खरं होतं, की अण्णा नाही म्हणाले तर कुणी पैसे टाकत नसे. चिडचिड करायचे, टोमणे मारायचे, पण टाकत नसत. जाताना सगळे विचारायचे, "कार्ड आलं का?" तेवढ्या तीन शब्दांवर लोक आपली कमाई काढून देत होते.

आणि त्या सुमारास माझ्या मेहुण्यानं औरंगाबादला दलालीचं काम सुरू केलं होतं. नव्या कंपन्यांचे फॉर्म असत, त्यावर आपला शिक्का मारून लोकांकडून भरून घ्यायचे, की फॉर्ममागे काही दलाली मिळे. मी माझ्यासाठीही थोडे शिक्क्याचे फॉर्म आणायला लागलो. अण्णांना ते माहीत होतं. ते म्हणायचे, "घ्या की, कागद भरायची मेहनत हे तुमची." त्यांनी स्वतः कधी कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही.

फुलांची कंपनी आली ती त्याच दिवसांत. गुलाब लावणार, विमानानं परदेशी पाठवणार, असं माहितीपुस्तकात रंगीत फोटोंसह होतं. शेतीशी नातं असलेल्या आमच्या लोकांना ती फार आवडली. अण्णांनी रिवाजाप्रमाणे कार्ड टाकलं. मेहुण्यानं माझ्याकडं फॉर्मांचा गठ्ठा पाठवला आणि निरोप दिला की यात दलाली जास्त आहे. मुदत सोमवारी संपत होती. कार्ड आलेलं नव्हतं. आणि शनिवारी अण्णांना गावाकडून सांगावा आला, भाऊ आजारी आहे म्हणून, आणि ते गेले.

रविवारी केबिनीत त्यांच्या खुर्चीत मी बसलो. गठ्ठा माझ्या पिशवीत होता. अकरा माणसं जमली होती. शिंदे गुरुजींनीच विचारलं, "साठेसाहेब, अण्णा न्हाईत. पण कार्ड आलं का?"

मी म्हणालो, "आलं."

एवढंच. मागं-पुढं काही जोडलं नाही, जोडायची गरजच पडली नाही. शब्द तोंडातून गेला आणि लोकांनी खिशातून पेनं काढली. मी मनाची समजूत घातली की कार्ड वाटेत असेल, उद्या येईलच. ही समजूत मी नंतर अनेकदा तपासून पाहिली आहे. ती खोटी होती, कारण सोमवारी अण्णांच्या टपालाकडं मी बघितलंही नाही.

सिस्टर शेवटी उरल्या. त्यांनी पाकीट काढलं. मी विचारलं नाही कशाचे ते. त्यांनीच सांगितलं, जरा घाबरत, जणू अण्णा ऐकताहेत, "वरच्या खोलीचे हेत. वीट-वाळू सांगून ठिवलीय, पण दोन-चार महिने थांबता येईल." मी फॉर्म पुढं केला आणि सही कुठं करायची ते दाखवलं. भावाच्या आजारपणात अण्णांचे पुढचे बरेच रविवार गावीच गेले, आणि परत आल्यावर मी त्यांना यातलं काही सांगितलं नाही.

त्या कंपनीचा शेअर बाजारात आला तो निम्म्यावर, आणि वर्षाच्या आत त्याला कुणी विचारीना. पत्त्यावर कुणी जाऊन आलं, तर दाराला कुलूप. मग रविवारी लोक केबिनीत आले. या खेपेला कुणी काट्यावर उभं राहून थट्टा केली नाही.

"अण्णा, तुमचं कार्ड आल्तं म्हणून टाकले आम्ही," गुरुजी म्हणाले. "आता तुम्हीच सांगा."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीपाशी उभा होतो. मग ते म्हणाले, "मला पंधरा दिवस द्या. चौकशी करून राह्यलो."

तिसऱ्या दिवशी माझ्या घरी टपालानं जोडकार्ड आलं. आम्ही एकाच कंपनीत, रोज एकाच बाकावर डबा खाणारे, तरी टपालानं. या खेपेला मजकूर मराठीत होता. "सा. न. वि. वि. मी गावी असताना फुलांच्या कंपनीचे कार्ड आले असे आपण सर्वांस सांगितल्याचे कळले. ते मजकडे नाही. आले होते काय, कळवावे." मागच्या कोऱ्या कार्डावर त्यांनी स्वतःचा गावाकडचा पत्ता घालून दिला होता; भाड्याचं घर बदलतं, गावचं बदलत नाही, असं ते म्हणायचे.

ते पंधरा दिवस मला आजही एकेक आठवतात. अण्णा रोज माझ्याशेजारी बसून जेवले. लोणचं उचलून माझ्या पानात ठेवलं. भावाच्या तब्येतीचं बोलले, पावसापाण्याचं बोलले. कार्डाबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्यांनी मला आधीच खोटारडा ठरवला असता तर मी उलटून भांडलो असतो, मोकळाही झालो असतो. पण ते उगवण्याची वाट बघत होते. ठरलेला दिवस येण्याआधी गुंडाळी उलगडायची नाही, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. आणि मी रोज संध्याकाळी घरी जाऊन ते कोरं कार्ड काढत होतो, दोन शब्द लिहायचे होते, आणि परत ठेवत होतो. नोकरी जाईल, दलालीचं लोकांना कळेल, ते दारात येतील, असं काय काय मनात यायचं. बायको विचारायची काय शोधताय, मी म्हणायचो वीजबिल.

पंधरा दिवस भरल्यावरचा रविवार आला. अण्णा केबिनीत उभे राहिले आणि म्हणाले, "कार्ड आलं नव्हतं. तपासायचं काम माझं होतं, म्या केलं न्हाई. चूक माझी हे."

कुणीतरी शिवी दिली. गुरुजी म्हणाले, "म्हणजे इतकी वरसं ह्ये कार्डाचं नुसतं नाटक होतं?" मी तिथंच होतो. दारापासून तीन पावलांवर होतो. "अण्णा नव्हते, मी सांगितलं," एवढं म्हणायचं होतं, आणि त्यांना आठवायला हवं होतं की तोंडानं 'आलं' म्हणणारा मी होतो. काहींना आठवलंही असेल. पण मी सांगितलं ते अण्णांच्या वतीनं, असंच सगळ्यांनी धरलं, आणि अण्णांनी ते तसंच राहू दिलं.

त्यानंतर रविवारी केबिनीकडं कुणी फिरकलं नाही.

महिनाभरानं अण्णा माझ्या टेबलापाशी आले. हातात शेअर विकायचा फॉर्म होता. त्या सेक्रेटरीच्या कंपनीचे शेअर, ज्याच्या माणसाचं लग्न होतं. सगळे विकायला काढले होते. विकणाऱ्याच्या सहीखाली साक्षीदाराची सही लागते. त्यांनी चिमट्याच्या टोकानं रेघ दाखवली.

"हितं साक्षीदार म्हणून सही करा, मुकुंदराव."

मी केली. पुढं सिस्टर बाजारात भेटल्या तेव्हा आनंदानं सांगत होत्या, कंपनीनं त्यांचे तेवढे पैसे परत पाठवले, अण्णांनी खटपट केली म्हणून, आणि वरच्या खोलीचं काम सुरू झालंय. चार बियांचा आकडा न बदलणाऱ्या माणसानं स्वतःचे शेअर विकून ते पैसे दिले होते आणि त्या बाईला एवढं मोठं खोटं सांगितलं होतं. ते त्यांना माझ्यामुळं सांगावं लागलं. मी सिस्टरना "वा, बरं झालं," म्हणालो.

अण्णा निवृत्त होऊन गावी गेले. मी नोकरी सोडली, परीक्षा दिल्या, फंडांचं काम सुरू केलं, काचेचं दार असलेलं ऑफिस घेतलं. अण्णांकडं जायचं जायचं म्हणत सात-आठ वर्षं गेली. अंबड जालन्यापासून किती लांब आहे? पण मी गेलो नाही.

मग एकदा कोर्टाच्या कामासाठी अंबडला गेलो होतो, तर स्टँडवर अण्णा दिसले. वाळले होते, पण पाठ ताठ होती. खिशाला पेन होतं, चिमटा होता. त्यांच्या गावातला एक तरुण शिक्षक बरोबर होता. त्यानं मला नमस्कार केला आणि अण्णांनी ओळख करून द्यायच्या आत विचारलं, "सर, हे म्युच्युअल फंड कोणते घ्यावे? अण्णांना किती दिवसांचं विचारून राह्यलो, सांगतच न्हाईत."

"मी सोडलं आता ते," अण्णा म्हणाले. "ह्यांना इचार. मला ताळेबंद ह्यांनीच शिकवला. हिशेबाला पक्के हेत."

टोमणा असता तर बरं वाटलं असतं. तो नव्हता. ते मनापासून बोलत होते, आणि पोराला माझ्याकडं सोपवत होते. मी त्याला माझं कार्ड दिलं, छापलेलं, गुळगुळीत. अण्णांनी ते त्याच्या हातून घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

त्यांची गाडी लागली. चढून ते खिडकीपाशी बसले. कंडक्टर अजून खाली उभा राहून चहा पीत होता. मी खिडकीखाली गेलो. म्हणालो, "अण्णा, तब्येतीला जपा."

"हो, हो." मग बाहेर वाकून, अगदी साध्या आवाजात, ते म्हणाले, "पत्ता तोच हे माझा, मुकुंदराव. बदललेला न्हाई."

ती आमची शेवटची भेट. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, तेही मला त्या शिक्षकाकडूनच कळलं, तो फंडाचा हप्ता भरायला आला तेव्हा. कोरं कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे, त्यांच्या ठळक अक्षरातला पत्ता अजून नीट वाचता येतो.

"आलं नव्हतं." त्या दिवशी खिडकीखाली मला एवढंच म्हणायचं होतं. कंडक्टरचा चहा संपायला अजून वेळ होता. मी खिडकीच्या गजावर ठेवलेला हात काढला, आणि हलवला.